आबा त्या हाकेला ओ देत नसत

आमच्या घरी जमीन नव्हती, विहीर नव्हती आणि पावसात कोरडी राहील अशी एक भिंतही नव्हती. आई-बाप केळीचे घड वाहत. चिकाचे काळे डाग कपड्यांवरून कधी निघाले नाहीत. एक गोष्ट मात्र गावाने आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या फुकट पुरवली. ‘भिलडा’ हा शब्द. भिलाटीत, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या भिल्ल वस्तीत, तो सगळ्यांना मिळत असे. घेत नसत ते फक्त माझे आजोबा, सुकलाल आबा. त्या नावाने हाक आली की ते ठार बहिरे होत.

आबा गावातल्या नानांच्या केळीबागेचे रखवालदार. आम्हाला चोर म्हणायचं आणि राखणीला आम्हालाच ठेवायचं, हा गावाचा जुना शहाणपणा. एकदा मोकाट गायी बागेत शिरल्या. नाना बांधावरून ओरडत होते, “ए भिलड्या, हाकल ना रे त्या!” आबा वीस पावलांवर विळ्याला धार लावत बसलेले. गायींनी रोपांची एक अख्खी ओळ संपवली, तेव्हा नाना धापा टाकत आले.

“कान फुटलेत का तुझे?”

“नही नाना. तुम्ही कोन्ले तरी बलावत व्हतात. मन्हं नाव सुकलाल शे.”

त्या दिवसापासून नाना त्यांना सुकलाल म्हणू लागले. नाना सुधारले असं नाही. रोपं महाग होती.

या शब्दाचा इतिहास आबांना तोंडपाठ होता. “पहिले डोंगर आमना व्हता. मंग गोरा साहेब उना, त्यानी वहीमा आम्हले चोर लिखं. साहेब गया, वही ऱ्हायनी.” पुढे ग्रंथालयात मी या विषयावर जाडजूड पुस्तकं वाचली. तळटिपा सोडल्या तर त्यांत याहून फारसं जास्त काही नव्हतं.

वही राहिली हे मात्र खरं. केस विंचरले नाहीत तर भिलासारखे, वर्गात गोंगाट झाला तर “ही काय भिलाटी आहे का?” मास्तरांचं हे वाक्य आम्हा भिलाटीच्याच पोरांना गप्प बसून ऐकावं लागे. बारावीला जळगावच्या वसतिगृहात एका मैत्रिणीने तोच शब्द दुसरीला हाणला आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाली, “तुला नाही गं म्हणत. तू तशी वाटतच नाहीस.” मोठाच सन्मान होता. मनातल्या मनात मी तो परत केला. सुट्टीत आबांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “तू काय बोलनी?” मी गप्प राहिले होते.

मग धुळ्याला कृषी पदवीच्या राखीव जागेवर माझी निवड झाली, आणि सरकारला शंका आली की आम्ही खरंच भिल्ल आहोत का. गावाला जे चार पिढ्या न विचारता ठाऊक होतं, त्याचा कागद हवा होता. मुदतीत पडताळणी झाली नाही तर जागा जाणार. शोधाशोध करून एकच जुनी नोंद निघाली. आबा लहानपणी चार महिने शाळेत गेले होते. तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी त्यांचं नाव लिहिलं होतं, ‘भिलडा सुक्या’. जातीचा रकाना कोरा. नावातच सगळं आल्यावर शाई कशाला वाया घालवायची?

पडताळणी समितीपुढच्या सुनावणीला आबा पांढरं स्वच्छ धोतर नेसून आले. बाकावर आम्ही दोघं. कारकुनाने उताऱ्यावरून मोठ्याने वाचलं, “भिलडा सुक्या कोण?”

आबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी त्यांना सांगू शकले असते, “आबा, उठा.” माझ्याने ते झालं नाही.

“भिलडा सुक्या! नाही आला? ठेवा फाईल बाजूला.”

आबा उठले. धोतराचा सोगा सारखा केला. “मी शे, साहेब.”

“आजोबा, कमी ऐकू येतं का?”

“आज ऐकू उनं.”

‘सदर नावाची व्यक्ती मीच’ या ओळीखाली त्यांनी सावकाश सही केली, सुकलाल.

बाहेर चहाच्या गाडीवर मी म्हटलं, “आबा, माझ्यामुळे झालं हे.”

“एकदाव ओ दिधी, तुन्हासाठे,” ते म्हणाले. “आते मन्हा वाटानं तू बोल.”

प्रमाणपत्र मुदतीत आलं. मी दुसऱ्या वर्षाला असताना आबा गेले. नाना दारावर आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, “सुकलाल इतर भिलड्यांसारखा नव्हता हो.” त्यांच्या मते ती श्रद्धांजली होती.

मी म्हटलं, “नाना, ते भिल्लच होते. इतरांसारखेच. मीही आहे. आणि तो शब्द आमच्या दारात नको.”

नाना चपला घालून निघून गेले. आई घाबरली, पण रागावली नाही.

पुढच्या दोन वर्षांत मी बी.एस्सी. कृषी झाले, पहिल्या वर्गात. आमच्या भिलाटीत पदवी घेणारी मी पहिली.