भर उन्हाळ्यातली लोकर

भर चैत्रात, अंगणातल्या कडुनिंबाची सावलीसुद्धा तापलेली असताना, उघड्या अंगाने ओसरीत बसून लोकरीचे हातमोजे विणणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. लढाईच्या दिवसांत माझी बदली मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत झाली, तेव्हा आम्ही मामाजींच्याच घरी बिऱ्हाड केलं. लग्नात त्यांची-माझी ओझरती भेट झाली होती तेवढीच. मोटरीतून उतरून, ट्रंक घेतलेल्या हमालामागोमाग मी दारात पोचलो, तर मामाजींनी 'या' म्हटलं नाही की 'बसा' म्हटलं नाही. माझा उजवा हात धरला, उलटा केला, बोटं फाकवली, मधल्या बोटाभोवती दोरा गुंडाळून पाहिला आणि आत ओरडून सांगितलं, "आयकलं का वं? जवाईबापूची बोटं लय लांब हायेत. लोकर जास्त लागते!" आतून मामींचा आवाज आला, "आधी त्यायले पाय धुवाले पानी तं देऊ द्या!"

मामाजी काही विणकर नव्हते. चांगली काळी जमीन होती, बैल होते, कापूस होता. पण तरुणपणी एकदा कापसाच्या भरल्या गाडीवरून ते पडले आणि मांडीचं हाड मोडलं. वाशीमच्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांना खाटेवर जखडून ठेवलं. ज्या माणसाला रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी म्हशीबद्दलसुद्धा चौकशी केल्याशिवाय चैन पडत नसे, त्याला नुसतं आढ्याकडे पाहत पडून राहायला सांगितलं, तेव्हा दवाखान्याचेच हाल झाले असतील. दारापाशी एक म्हातारी मडमबाई सुया घेऊन विणत बसायची. मामाजींनी विचारलं, "बाई, हे काय करून राह्यल्या?" बाई म्हणाली, "टोपी." "कोनासाठी?" "माझा भाऊ. तिकडे बर्फ." झालं. बर्फ वरून पडते का जमिनीतून निघते, पडला तं आवाज होते का, कौलं फुटत नाहीत का, त्यावर बैल चालते का. दोन दिवसांत ती बाई इतकी टेकीला आली की उत्तरं देण्याऐवजी तिने सुया आणि लोकर मामाजींच्याच हातात दिली. हाड जुळायच्या आत त्यांची पहिली टोपी तयार झाली. ती माणसाच्या डोक्याला होईना, पण दुधीभोपळ्याला अगदी बेताची बसली, असं मामी सांगायच्या.

त्यानंतर ती लोकर काही सुटली नाही. गिरणीतली लोकर आमच्या गावात मिळायची नाही, मिळाली तरी मामाजींना ती पसंत पडायची नाही. "तिच्यात मेंढी कुठी हाय?" असं म्हणायचे. मेंढरं घेऊन धनगर आले की मामाजी जेवण अर्धवट टाकून त्यांच्या तळावर जात, काळी आणि दुधाळ लोकर निवडून आणत. पळसाच्या फुलांचा पिवळा, बाभळीच्या सालीचा तपकिरी, असे रंग घरच्या घमेल्यात शिजत. एकदा मामींनी वरण समजून त्या घमेल्यात पळी घातली होती. त्या दिवसापासून रंगाची चूल परसात गेली. सुया म्हणजे सायकलीच्या तारा, टोकं दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. आमच्याकडे सायकलवरून येणारा पाहुणा परत जाताना चाक एकदा फिरवून बघितल्याशिवाय निघत नसे. विणलेल्या वस्तूला मेंढीचा वास यायचा आणि टोपी घातली की कपाळाला मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. मामाजींना ते सांगितलं तर ते आनंदाने विचारत, "कुठी कुठी चावते? एकाच जागी, का सगळीकडे?"

नक्षी ते कोणाकडून घेत नसत. कावळ्याचे चिखलातले पाय, तुरीचं फूल, गावातल्या दर्ग्याच्या जाळीतून ओट्यावर पडलेली उन्हाची चौकटं, सगळं टोपीवर उतरायचं. रस्त्यात मध्येच उकिडवे बसून ते काहीतरी निरखत आणि बोटांवर टाके मोजत. मागून गाड्या खोळंबायच्या. आमच्या तहसीलदारसाहेबांना थंडीच्या दिवसांत त्यांनी एक कानटोपी दिली. तपकिरी जमिनीवर पांढरी नागमोडी रेघ, सबंध डोक्याला वेढा घालून आलेली. साहेब खूश झाले. सगळ्या कचेरीसमोर ती घालून म्हणाले, "वा! ही नदीची लाट का हो?" मामाजी म्हणाले, "नाई साहेब. बैल चालता चालता मुतते ना, थे नक्षी हाय." कचेरीत मी कुठे पाहावं ते मला कळेना. पण मामाजींच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषसुद्धा नव्हती. साहेबांनी टोपी काढली, निरखून पाहिली, म्हणाले, "अगदी तशीच आली आहे," आणि पुन्हा घातली.

हातमोजे मात्र कोणी घालत नसे. आमच्याकडची थंडी शेकोटीने भागते. एकाने ते मधाचं पोळं काढायला नेले, मामींनी तव्यावरची भाकरी उलटायला घेतले. मामाजी चिडतील असं मला वाटलं, तर ते चुलीपाशी जाऊन बसले. "भाजते का? आंगठ्याजवळ भाजते का?" आणि दुसऱ्या दिवशी आंगठा दुहेरी विणायला घेतला. माप घ्यायला ते दिसेल त्याचा हात धरत, त्यामुळे बाजारच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या लोकांत अशी बातमी पसरली की इथे एक बुवा हात पाहतो. एक म्हातारी काकड्यांची टोपली घेऊन आली आणि हात पुढे करून म्हणाली, "पोरगा पलटनीत गेला, बापा. कवा येईन?" मामाजींनी बराच वेळ तिचा हात पाहिला. म्हणाले, "थे मले कसं समजन, माय? तुहा आंगठा मात्र लय रुंद हाय. कायनं झाला?" म्हातारी म्हणाली, "निंदून निंदून." मग ती दुपारभर ओसरीत बसून शेतातल्या निंदण-खुरपणीबद्दल आणि पोराबद्दल बोलत राहिली, आणि हलकी होऊन गेली.

आमच्या घरासमोर एका किराणा दुकानदाराचं घर होतं. त्याची मुलगी गोदी लग्नाची झाली होती. मुलगी हुशार, नाकीडोळी नीटस. पण दोन्ही हातांच्या बोटांवर, मनगटापर्यंत, कोडाचे पांढरे डाग होते. एक-दोन ठिकाणांहून नकार आले होते. गोदी हात पदराखाली धरूनच वावरायची. एके दिवशी दुकानदार तिला घेऊन आमच्या ओसरीवर आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, कारंज्याचे पाव्हणे येऊन राह्यले पोरीले पाहाले. तिले हातमोजे करून द्या. म्हनू, शहरातली फ्याशन हाय."

मामाजींनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. गोदी बापाकडे पाहू लागली. तो मान वळवून बसला होता. मग तिने हात दिला. मामाजींनी तो उजेडाकडे वळवला, डाग अगदी जवळून पाहिले आणि विचारलं, "हे वाढते का? दुखते का?" इतकं सरळ तिला कोणी विचारलं नसावं. ती म्हणाली, "नाई दुखत. वाढते थोडं थोडं." "अस्सं," मामाजी म्हणाले, आणि दोरा गुंडाळू लागले. मग दुकानदाराला म्हणाले, "दिवस कमी हायेत. एक हात मी करतो, दुसरा इलेच करू द्या. दुपारी पाठवत जा." दिवस कमी होते हे खरं, पण समोर बसून विणणारं कोणीतरी मिळावं ही त्यांची जन्माची हौस होती, हे मला ठाऊक होतं.

गोदी दुपारच्या येऊ लागली. सुरुवातीला तिचे टाके सुईवरून सांडायचे. मामाजी म्हणायचे, "सांडू दे. कुठी गेला थे पाह्य फक्त." आठवड्याभरात तिच्या बोटांना चाल सापडली. "नक्षी कोनती घेऊ?" असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मले कायले विचारतं? डोये हायेत ना तुले." ती बराच वेळ इकडेतिकडे पाहत बसली. मग तिने विणायला घेतलं. मी संध्याकाळी कचेरीतून आलो, तर तपकिरी लोकरीवर वेडेवाकडे दुधाळ ठिपके उमटत होते. कुठे ढगासारखे, कुठे नुसता कोपरा. मला क्षणभर काही उमगलं नाही. मग तिच्या सुया धरलेल्या हातावरच्या डागांकडे नजर गेली. मामाजी मात्र मोज्यावर जवळजवळ पालथे पडून पाहत होते. "अगं पोट्टे! हे मले सुचलं नसतं वं!" त्यांनी स्वतःचा विणून झालेला मोजा तिथल्या तिथे उसवला आणि तिचं पाहून पुन्हा विणला.

पाहुणे आले त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शेजारी म्हणून मामाजी आणि मीही बसलो होतो. गोदी हातमोजे घालून पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मुलाच्या बापाने भुवया वर केल्या, दुकानदाराने फ्याशनचं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. एवढ्यावर निभावलंही असतं; पण मुलाची एक विधवा आत्या आली होती. तिची नजर त्या मोज्यांवरून हटेना. "बोटं येगयेगळी जोडली का वं? का एकातूनच निंघते? पाहू!" आणि गोदीने, विणणाऱ्या माणसाला कोणी विणकामाबद्दल विचारलं की जसं भान जातं तसं ते जाऊन, डाव्या हातातला मोजा सर्रकन काढला, उलटा केला आणि उघड्या बोटाने दाखवत सांगू लागली. इथे टाके राखून ठेवायचे, इथून करंगळी निघते. आत्या मान डोलावत होती. बाकी सगळी बैठक गोदीच्या हाताकडे पाहत होती. एवढ्यात मामाजी उत्साहाने म्हणाले, "आन आंगठ्याचा जोड पाह्यला का?"

"कळवतो" म्हणून पाहुणे उठले. कळवलं कोणीच नाही. दुकानदाराने मामाजींशी बोलणं टाकलं. समोरासमोर आले की तो दुकानातल्या गुळाच्या ढेपेकडे तोंड फिरवायचा. मामाजींना त्या वेळी मी प्रथमच सुया खाली ठेवून बसलेलं पाहिलं. "जवाईबापू," ते म्हणाले, "पोरीचं नुसकान केलं का हो म्या?" मी म्हणालो, "तिलाच विचारा." पण विचारायची त्यांना हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदीच रस्ता ओलांडून आली. हात पदराबाहेर होते. "मामा, एक मोजा थ्या बाई घेऊन गेल्या," ती म्हणाली. "लोकर उरली का?"

खरोखरच आत्याबाईंनी त्या गडबडीत मोजा स्वतःच्या पिशवीत टाकून नेला होता. पावसाळा सरल्यावर त्या एकट्याच मोटरीने आल्या आणि दुकानाऐवजी थेट आमच्या ओसरीवर चढल्या. पिशवीतून तपकिरी-पांढऱ्या लोकरीचा एक गुंताडा काढून म्हणाल्या, "कसं केलं थे पाहाले उसवला. आता मले काई जमून नाई राह्यलं. त्या पोरीले बलवा." मामाजी इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आत्याबाई तीन दिवस राहिल्या. गोदीने त्यांची बोटं आपल्या बोटांत धरून शिकवलं. जाताना त्या दुकानदाराला म्हणाल्या, "सोयरिकीचं माह्या हातात नाई. पन आमच्या इथच्या पोरींच्या शाळेत शिवन-इनकाम शिकवाले बाई पाह्यजे. गोदी माह्या घरी राहीन." दुकानदाराने दोन दिवस विचार केला. मग तो रस्ता ओलांडून आमच्याकडे आला, मामाजींशेजारी बसला आणि पानाचा डबा पुढे केला. दिवाळीनंतर गोदी कारंज्याला गेली. ती तिथे रमली, पुढे परीक्षाही दिली, आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी कितीतरी टोप्या विणल्या असं ऐकलं.

मामाजींची दुपार मात्र रिकामी झाली. ते सतरंजीवर बसत, पण अर्धी सतरंजी मोकळी सोडून. टाका सांडला तरी कोणाला दाखवायचं, अशा नजरेने समोर पाहत. मामींनी जन्मभर त्या लोकरीला नावं ठेवली होती. तिला हात म्हणून लावला नव्हता. माझी बदली पुन्हा जवळ आली होती त्या सुमाराला एकदा मी कचेरीतून लवकर घरी आलो. ओसरीत मामी हात पुसत बाहेर आल्या होत्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्या मोकळ्या अर्ध्या सतरंजीवर बसल्या आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "द्या इकडे. धरते मी. तुमी गुंडाळा." मामाजींनी लोकरीची लड त्यांच्या हातांत अडकवली. लोकर एका हातातून दुसऱ्या हाताकडे सावकाश सरकत होती. मी दारातूनच मागे फिरलो आणि दर्ग्यापर्यंत उगाच एक चक्कर मारून आलो.