आईला घेऊन येळवशीला

थंडी पडून येळवस जवळ आली की आमची आई गप्प गप्प होते. लग्न होऊन नांदेडला आली त्याला पन्नास वर्षं झाली असतील, पण लातूर जिल्ह्यातली ही अमावस्या काही तिच्यातून गेली नाही. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप उभारायची, आत पूजा मांडायची आणि तिथंच मांडी घालून जेवायचं. गुडघ्यात संधिवात शिरल्यापासून तिचं जाणं बंदच होतं. यंदा मात्र म्हणाली, "एकदा कोपीत बसू दे मला. मग हाय तेच हाय, गोळ्या आन् शेक."

म्हातारं माणूस घेऊन निघणाऱ्यांसाठी सांगतो, पहाटे निघू नका. सांधे सकाळी आखडलेले असतात. आईला गरम पाण्यानं अंघोळ, तासभर ऊन, नाश्त्यानंतर गोळी, मग गाडीत. मी दहावी नापास, पण वेल्डिंग स्वतः शिकलो आणि आईचं दुखणंही डॉक्टरांना विचारून विचारून शिकलो. तिच्या मापाची घडीची खुर्ची घरीच केली. बैठक उंच, कारण खाली बसली की उठवायला दोघं लागतात. खुर्चीचे हात जाड, कारण तिची बोटं आवळत नाहीत. अशी खुर्ची बाजारात मिळत नाही, शोधून बघा.

लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, मग उदगीर. दर तासाला गाडी थांबवून तिला चार पावलं चालवायची. येऊन-जाऊन पेट्रोल दोन हजारांच्या आत बसतं. अहमदपूरच्या अलीकडे फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, मुरमुरे छान भिजलेले. हॉटेलवाला म्हणाला, "आजी, गाडीतच देऊ का?"

"कामून? पाय दुखतेत, तोंड न्हाई," आई म्हणाली आणि माझा खांदा धरून उतरली.

उदगीरजवळ मामाच्या शेतात पोचलो तेव्हा हरभरा घाट्यावर होता. मामी धावत आली. "या वन्सं! किती वाट बघायची?"

आई कोपीकडेच बघत होती. मीही बघितलं आणि माझा चेहरा उतरला. कोपीचं तोंड कमरेएवढं. सगळे वाकून, रांगत आत जात होते. खुर्ची उभी, आडवी, तिरपी करून पाहिली. शिरेना.

मामा म्हणाला, "भाच्या, लोखंडाचं सिंव्हासन केलास, दार बघितला न्हाईस व्हय?" सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जळलो. मापं घेणाऱ्या माणसानं दाराचं माप सोडलं होतं.

मामानं कडब्याच्या पेंढीला हात घातला. "अक्का, मागून फोडतो की. दोन मिनिटांचं काम हाय."

"पूजा मांडल्यावर कोप फोडतेत व्हय रे? ऱ्हाऊ दे." आईनं स्वतः वाकून पाहिलं. उजवा गुडघा मुडपेना. कोपीच्या मेढीला, तोंडाशी रोवलेल्या खांबाला, धरून ती सरळ झाली. मग म्हणाली, "खुर्ची हितंच मांड. तोंडापाशी."

मामा आंबील शिंपडत, येळवशीची ठरलेली आरोळी देत कोपीभोवती फिरला, "वलगे वलगे, सालम पलगे!" आत शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी वाढली जात होती, बाया एकमेकींना चिडवत होत्या. एकीनं आतून हाक दिली, "अक्का, बाजरीचे उंडे लागतेत का?" आई बाहेरून म्हणाली, "दोन दे. आन् माझी जागा धरून ठेव." भज्जीची वाटी दोन्ही तळव्यांत धरून ती जेवली. त्या दिवशी मला भज्जीची चव कळली नाही.

परतीला ती झोपली. घरी दोन दिवस गुडघे सुजले, शेक दिला, उतरले. मी समजलो, येळवशीचा विषय संपला.

परवा सकाळी स्वयंपाकघरात बघतो तर आई ओटा धरून गुडघे वाकवत होती. थोडी खाली, पुन्हा वर. फिजिओबाईंनी शिकवलेला हा व्यायाम करावा म्हणून मी वर्षभर भांडलो, ती हलली नव्हती.

"आता कशाला?" मी विचारलं.

"बोलू नको, मोजायचं चुकतं," ती म्हणाली. दात आवळून आणखी थोडी खाली गेली. "अजून एवढं ऱ्हायलंय, कोपीचं तोंड."