आधी भरू दे

आमच्या सिस्टर कुणालाही पटकन उठू देत नसत. पोस्टमन ओट्यावर टेकला तरी निघताना दटावायच्या, "हळू! हृदय भरू दे आधी." सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या पेणला एकट्याच राहायच्या.

मी परभणीकडचा, नववीतच शाळा सोडलेला. डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागलो आणि सिस्टरांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलो. आईला फोनवर सगळं ठीक म्हणून सांगायचो. पण उन्हाळ्यात जुलाब लागले, आणि उभं राहिलं की छाती धडधडायला लागली. माझा बाप तरुणपणीच हृदयविकाराने गेला. आता आपली पाळी, तीही परक्या गावात, एवढंच डोक्यात.

अशातच एकदा अंगणात नळाशी उभा असताना डोळ्यांपुढे अंधार आला. शेजारच्या खोलीतल्या पोरांनी मला उचलून खुर्चीत बसवलं, मान सरळ धरली, नाकाला कांदा लावला. मी आणखीच बुडत चाललो.

"मेल्यांनो, आडवा करा त्याला! बसवून मारताय काय?" सिस्टर धावत आल्या. मला फरशीवर निजवून त्यांनी माझे मळके पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. शुद्ध येताच मी लाजेने पाय ओढू लागलो. आईच्या वयाची बाई! त्यांनी घोटे आणखी घट्ट धरले.

"पड गुमान. अंगातलं पाणी गेलंय, उरलेलं रक्त उभं राहिलं की पायात उतरतंय. हृदयाला भरायलाच मिळत नाय, म्हणून ते घाईघाईने ठोके मारतंय. पंपात पाणी नाय, आणि तू पंपाला शिव्या देतोस?"

मग रिक्षाने दवाखान्यात नेलं. सलाईन लागली, तपासण्या झाल्या. हृदय चांगलं होतं. सिस्टरांचा पदर धरून मी रडलो.

पुढे काही वर्षांनी त्या वयाने थकल्या तेव्हा रोह्याची भाची त्यांना कायमचं न्यायला आली. स्टेशनवर गाडी दिसताच सिस्टर बाकावरून झटकन उठल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. मी त्यांना बाकावर निजवलं, पाय मांडीवर घेतले.

"सोड रे पाय माझे."

"पडा गुमान."

"अरे, गाडी चालली!" भाची ओरडली.

"जाऊ द्या. आधी भरू दे."

सिस्टर डोळे मिटूनच हसल्या. गाडी रोह्याच्या दिशेने निघून गेली. सिस्टर रोह्याला गेल्यावर आमची पुन्हा भेट झाली नाही. त्या दिवशी त्यांचे पाय मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. पुढची गाडी उशिरा यावी, असं वाटत होतं.