हळदकुंकू लावलेली सोलर पट्टी

पिंपळगाव राजात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. लाकडी फ्रेमला ताणलेली जाळी, वर शाई, शाई ओढायला रबराची पट्टी. बाकी यंत्र म्हणजे मीच. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारी माझी लेक सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मले या जाळीतून सोलर छापायचं हाय."

मी हसलो. माझ्या लेखी सोलर म्हणजे गच्चीवरची जड काच. हिनं काढलं ते दुधाच्या पिशवीसारखं लवचिक प्लॅस्टिक! त्यावर वेगवेगळ्या शाईचे पातळ थर दिले की उन्हाची वीज होते म्हणे. आणि कारखान्याचा खर्च टाळून ते पत्रिकेच्या दुकानात जमतं का, हेच तिला पाहायचं होतं. जमलं तर तिचे सर पुढच्या कामाला होकार देणार होते. शाई मात्र आधीचे तुकडे बिघडवण्यातच संपत आली. उरला शेवटचा तुकडा, आणि सर दुपारी येणार.

थर मी ओढले. काय सफाई! उंद्रीपासून वरवट बकालपर्यंतची लग्नं याच हातानं छापलीत, म्हटलं. तुकडा वाळला, लेक चहाला आत गेली, आणि मी सवयीनं चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावली.

"बाबा! हे काऊन लावलं?"

"पहिला छाप देवाचा असते. कोराच ठेवू का?"

"अवो, तिथंच तारा लावायच्या हायेत! तिथूनच वीज बाहेर येते!"

लेक कापसानं एकेक कोपरा पुसत बसली. बायको दारातून म्हणाली, "नशीब समज पोरी, अक्षता नाही टाकल्या यायनं."

सर आले. अंगणात तारा जोडल्या, तारांना खेळण्यातला पंखा. पंखा ढिम्म. लेकीचा चेहरा उतरला. तिनं हळद राहिलेला एक कोपरा पुन्हा पुसला, तार दाबली, आणि पातं हललं, थबकलं, मग जे गरगरलं! लेकीनं उडी मारली. मीही मारली, माझी चप्पल थेट सरांच्या बॅगेवर.

सर म्हणाले, "छान. आता वाकवून चालतं का पाहू. काहीतरी गोल आणा."

"आणाले कायले लागते?" बायको म्हणाली. "हे उभे हायेत नं."

मी टोपी काढली. लेकीनं ती सोलर पट्टी माझ्या टकलावर अलगद बसवली. सगळे पंख्याकडे बघत होते आणि मला मान हलवायची बंदी. शेवटी मीच विचारलं,

"अवो, फिरून राह्यला का नाही?"

उत्तराऐवजी लेकीनं पंखा माझ्या नाकासमोर धरला. गार वारा लागला. सर हसतच म्हणाले, "कॉलेज उघडलं की पुढचं काम सुरू करू." लेक आनंदानं नाचू लागली, बायको हसून खाली बसली, आणि मी तसाच उन्हात उभा, नाकाला वारा घेत.