ओतून दिलेलं दूध

हे मी कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवीपुढं उभा राहिलो तेव्हाही नाही. तिथं दर वेळी दुसरंच काहीतरी मागून परत आलो. तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नसाल. आणि ओळखत असाल, तर मला सरळ माणूस समजत असाल. अडचण तिथंच तर आहे.

माझा मुलगा भास्कर. तो सोळा वर्षांचा असताना कसा होता, ते आधी सांगतो. मी मूळ गोष्ट टाळतोय, असं तुम्हाला वाटेल. टाळतोयच.

त्या वर्षी त्यानं मला नको नको करून सोडलं होतं. केस कानावर आलेले. अंगावर ऊन आल्याशिवाय उठायचं नाही. म्हशीखालचं शेण काढ म्हटलं, की नेमकी तेव्हाच सायकलची चेन पडलेली असायची. दहावीचं वर्ष, आणि हा शाळा बुडवून सोलापूरला सिनेमा बघून यायचा. विचारलं तर लपवायचाही नाही. "गेलतो. मग?" हे 'मग' माझ्या डोक्यात जायचं. एकदा चार पाहुणे जेवायला बसलेले असताना त्यानं विचारलं, की आण्णा, सभेत तुम्ही सांगता पोरींना शिकवा म्हणून, मग आपल्या ताईला सातवीतून का काढली? मी ताटावरून उठलो. शांता, त्याची आई, मागून म्हणाली, "वय हाय त्याचं. कशाला येवढं मनावर घेताव?"

मी मनावर घेत होतो. मला फार काही नको होतं हो — या पोरानं एकदा, एकदा तरी माझ्या शब्दाला 'व्हय' म्हणावं.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होतो. सोलापूरहून येताना तामलवाडीच्या अलीकडं, आत फाट्यानं गेलं की आमचं गाव. संस्था मी उभी केली, असं लोक म्हणतात. नियमही मीच केला होता — कुणाच्या दुधात पाणी सापडलं, तर त्याचं नाव सगळ्या रांगेसमोर घ्यायचं आणि दूध तिथंच मातीत ओतून द्यायचं. केरबा म्हाताऱ्याचं दूध ओतलं, तेव्हा तो खाली बसून मातीकडं बघत राहिला होता. मला वाईट वाटलं नाही. उलट नियम पाळला म्हणून बरं वाटलं होतं.

मग बहात्तरनंतरचा तो दुसरा मोठा दुष्काळ आला. विहिरी खरवडल्या गेल्या. टँकर यायचा, त्याचं पाणी घरातल्या पिंपात भरून ठेवायचो. कडबा संपला, लोकांनी जनावरं छावणीत नेली, एकेकाची म्हैस आटत गेली. मी मात्र सभेत सांगत होतो, नीट बघितलं तर जनावर आटत नाही, माझी म्हैस येऊन बघा. कशाला बोललो असेन ते?

आता त्या सकाळचं. गावाला जेवढं माहीत आहे, तेवढं आधी सांगतो.

मी संस्थेत टेबलापाशी बसलो होतो. आमचं दूध नेहमीप्रमाणं भास्कर सायकलवर घेऊन आला. दूध तपासायला मधू नावाचा पोरगा होता. त्यानं कॅनचं झाकण काढलं आणि नाक जवळ नेलं. टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकलेली असायची, तिचा वास येत होता. आमचा चहासुद्धा तेव्हा त्याच वासाचा असायचा, पण दुधाला तो वास कसा येईल? मधूनं दुधात लॅक्टोमीटर सोडला. पाणी असलं की बुडतो, तसा तो खाली गेला. मधूनं माझ्याकडं बघितलं नाही. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चेअरमनचं हाय रं. परत बघ."

मी उठलो आणि भास्करच्या कानाखाली मारली.

"वाटंत सांडलास आन् पाणी भरून आनलास व्हय रं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. गाल लाल झाला होता, हात तसाच सायकलच्या हँडलवर. मग रांगेकडं न बघता म्हणाला, "व्हय. म्याच घातलं."

मी कॅन उचलला आणि सगळ्यांसमोर मातीत रिकामा केला.

गावाला एवढंच माहीत आहे. आणि गावाला माहीत नाही ते असं, की पहाटे म्हशीनं जेमतेम कॅनचं बूड झाकेल एवढं दूध दिलं होतं. मी पिंपाचं झाकण काढलं, तांब्या भरला आणि कॅनमध्ये ओतला. पुन्हा भरला. पुन्हा ओतला. माझ्या नाकाला त्या पावडरीची इतकी सवय झालेली, की वास येईल हे डोक्यातच आलं नाही. मागं वळलो तर दारात भास्कर. नेमका त्याच दिवशी लवकर उठलेला, बोटाला राखुंडी लावून उभा.

"आण्णा, ह्ये कशाला?"

मी म्हणालो, तोंड धू आणि कॅन सायकलला लाव.

त्यानं लावला. म्हणजे त्या रांगेत खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. मी बाप होतो, आणि आळ त्यानं अंगावर घेतला. तुम्ही विचाराल, घाबरून मारलं का? घाबरलो होतोच. पण हात उचलताना आत कुठंतरी वर्षभराचा रागही होता. केसांचा, सिनेमाचा, त्या 'मग'चा. तो सगळा मी त्या एका चापटीत वसूल केला. हेही सांगायला हवं.

त्यानंतर काय झालं असेल? माझी इज्जत वाढली. पोटच्या पोरालाही सोडलं नाही, असा चेअरमन कुठं मिळतो, असं लोक बोलू लागले. मी पुन्हा निवडून आलो. वार्षिक सभेत मी स्वतः ते उदाहरण दिलं — स्वतः, माईक हातात धरून. भास्कर मागं सतरंजीच्या कडेला बसला होता.

शाळेत पोरं त्याला 'टँकर' म्हणायची. "ए टँकर, आलास का भरून?" तो दहावीला बसलाच नाही. केस आपणहून कापून आला. उठायला लागला, शेण काढायला लागला, सांगितलेलं ऐकायला लागला. 'मग' बंद झालं. पुढं सोलापुरात एका गॅरेजमध्ये कामाला गेला, तिथंच राहिला. लग्नाचं विचारलं तर म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. पाहुण्याशी बोलावं तसं तो माझ्याशी बोलतो.

शांतानं त्या दिवसापासून दुधाचं भांडं कधी त्याच्या हाती दिलं नाही. तो गावी आला की चहात दूध ती स्वतः घालायची. मायेनंच घालायची, पण स्वतः घालायची. मी बाजेवर बसून बघायचो.

दोन वर्षांपूर्वी शांता गेली. सोलापूरच्या दवाखान्यात होती. शेवटी शेवटी तिला बोलायला दम पुरत नव्हता. भास्कर उशाशी, मी पायाशी. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "भास्कर, पुन्यांदा कुनाला फसवू नगंस रं बाळा."

भास्कर म्हणाला, "न्हाय फसवनार, आई."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच होतो. चार शब्द लागले असते. तिला ऐकू येत होतं, शुद्ध होती, पुढचा सगळा दिवस ती होती. मी पाण्याची बाटली भरून आणतो म्हणून बाहेर गेलो, आणि नळापाशी उभा राहिलो.

परवा भास्कर येऊन गेला. गोठ्याचा मोडलेला पत्रा बसवला, माझ्या गोळ्या आणून दिल्या. निघताना दारात थांबला आणि विचारलं, "आन् काय हाय का, आण्णा?"

मी न्हाय म्हणालो.