अर्ध्यावर थांबलेलं गाऱ्हाणं

माझ्या घराच्या वास्तुशांतीला मी बाबांना भर पाहुण्यांत गप्प केलं. अनवधानाने नव्हे, समजून उमजून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला वाकोल्याच्या चाळीत. गिरणी बंद पडल्यावर बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात वॉचमन झाले होते. पण चाळीत बारसं असो की गणपती, नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालायला सगळे त्यांनाच बोलवत. बाबा आधी गावच्या देवांना हाक मारत, मग पूर्वजांना, मग शेजाऱ्यांची नावं घेत आणि शेवटी घरच्या माणसासाठी मागणं मागत. प्रत्येक वाक्याला मंडळी एका आवाजात म्हणत, "व्हय म्हाराजा!"

मी बँकेत लागलो आणि कांदिवलीला वन रूम किचन घेतलं. बँकेत माझ्या तोंडून मालवणीचा एक शब्द कधी निघाला नव्हता. पुढेपुढे मी घरीही शुद्धच बोलू लागलो.

वास्तुशांतीला बँकेतले साहेब सपत्नीक आले होते. भटजींची पूजा आटोपली तशी बाबांनी टोपी सारखी करून नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा..." चाळकऱ्यांनी असा दणकून "व्हय म्हाराजा" दिला की साहेबांची बायको दचकली. माझा एक सहकारी फिसकन हसला. बाबा गाऱ्हाण्यात शेजाऱ्यांच्या नावांपर्यंत आले होते.

"बाबा, पुरे ना आता," मी म्हणालो. "पानं वाढलीत."

त्यांनी नारळ देवापुढे ठेवला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. चाळीतले शेजारचे काका मला म्हणाले, "काय रे, सायब झालंस म्हणान बापाशीक गप करतलंस?"

मी हसण्यावारी नेलं. पंगत उठल्यावर लक्षात आलं, की शेजाऱ्यांनंतर बाबांच्या मागण्यात माझंच नाव यायचं होतं.

त्यानंतर बाबांनी कुठेच गाऱ्हाणं घातलं नाही. कुणी बोलवलं तर म्हणत, "आवाज बसलो माजो." ज्या कामासाठी अख्खी चाळ त्यांना मान देत होती, तेच मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. आणि बँकेतल्या ज्या लोकांसाठी हे केलं, त्यांच्यातला मी कधी झालोच नाही. माझी माणसं कोण, हे बाबा दर वेळी देवासमोर मोठ्याने सांगत आले होते. ते पुसलं गेलं असतं, तर माझ्याजवळ बँकेच्या कागदांवरची एक सही तेवढी उरली असती.

पुढच्या गणपतीला मी वाकोल्याला गेलो. आरती झाली आणि सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा भिंतीला टेकून बसून राहिले. "दुसरो कोणतरी घाला," ते म्हणाले.

मी उठलो आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडलो. कित्येक वर्षांत न बोललेली भाषा अडखळतच आली.

"बाबानू, माजा चुकला. लोकांसमोर तुमका गप केलंय, म्हणान लोकांसमोरच माफी मागतंय."