बैठकीसाठी दोन बेज

आर्णीहून रेवाचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला घरी दाढी करत होतो. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. शोभावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या. त्याला आता दीड महिना होईल.

वहिनी फारशा बोलक्या नव्हत्या. दुकान, शेत, घर... सगळं दादा ठरवायचा, त्या मान डोलवायच्या. त्यांनी अडून काही ठरवल्याचं मला एकदाच आठवतं. रेवाला बघायला पहिल्यांदाच पाहुणे येणार होते, म्हणून बैठक रंगवायला काढली होती. रंगांच्या कार्डावरचे दोन फिकट बेज पसंत पडले. मला दोन्ही सारखेच वाटले. पेंटरनं भिंतीवर शेजारी शेजारी पट्टे मारले तेव्हा फरक कळला. एकात किंचित गुलाबी झाक होती, दुसरा गव्हाच्या कोंड्याकडे झुकणारा. वहिनींनी ते उन्हात पाहिले, ट्यूबलाइटमध्ये पाहिले आणि मग रेवाला त्या पट्ट्यांपुढे उभं केलं. गुलाबी पट्ट्यासमोर सावळी रेवा उजळ दिसत होती, दुसऱ्यासमोर होती तशीच. दादा खूश झाला. गुलाबीच घेऊ, पाहुण्यांसमोर पोरगी उठून दिसेल, असं त्याचं म्हणणं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "रंग भिंतीले लावाचा आहे, पोरीले नाही."

बैठक कोंड्याच्या रंगाची झाली. पाहुणे आले, चहा घेऊन गेले, त्यांचा निरोप काही आला नाही. दादा बरेच दिवस त्या भिंतींवर चिडून होता. पुढे रेवानं आपल्या ऑफिसातल्या मुलाशी लग्न ठरवलं, ते बोलणंही त्याच बैठकीत झालं.

तेरवी झाल्यावर मी पुन्हा गेलो. दादानं स्टुडिओतून वहिनींचा फोटो मोठा करून आणला होता. स्टुडिओवाल्यानं चेहरा पार गोरा करून टाकला होता. दादाला तो आवडला होता. रेवानं थोडा वेळ पाहिलं, मग फ्रेम काखेत घेतली आणि चप्पल घातली.

"काहून नेऊन राह्यली?" दादानं विचारलं.

"बाबा, आई अशी नोती."

दुसऱ्या दिवशी ती नवा फोटो घेऊन आली, त्यात वहिनी होत्या तशाच सावळ्या. खिळा दादानंच ठोकला.